सबसिडीची फाईल आणि लाल पडलेले वेफर्स

"काका, आमचा अर्ज योजनेत अडकलाय. मंजूर होईपर्यंत काय करायचं? आणि नाहीच झाला तर?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यापुढे येतो. माझी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली. निवृत्तीनंतर इंदूरात छोट्या उद्योजकांशी बोलायला बसतो. पूर्वी असे अर्ज अडकवणाऱ्या खुर्चीत मीच असायचो, त्यामुळे दोन्ही बाजू ठाऊक आहेत. उत्तर म्हणून सुदामानगरच्या एका ताईंची हकीकत सांगतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ताई उन्हाळी वाळवणं करायच्या: बटाट्याचे वेफर्स, कीस, साबुदाण्याच्या चकल्या. ओळखीपाळखीत माल हातोहात जायचा. मग नात्यातल्या कुणीतरी सांगितलं, सरकार ३५ टक्के सबसिडी देतं, घरात काय करत बसलीस, कारखानाच टाक. गोष्ट खोटी नव्हती. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पीएमएफएमई ही केंद्राची योजना जून २०२० मध्ये आली आणि तिच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' यादीत इंदूरच्या वाट्याला बटाटाच आला. ताईंनी यंत्रवाल्याकडून कोटेशन घेतलं, २० लाखांचा प्रकल्प अहवाल करून घेतला, अर्ज टाकला. आणि वाट बघू लागल्या. त्या वर्षी वाळवणंही केली नाहीत. आता कारखाना होणारच आहे, मग गच्चीवर कशाला उन्हात बसायचं!

माझ्याकडे आल्या तेव्हा फाईल चांगली जाडजूड होती. मी विचारलं, "मागच्या हंगामात किती किलो माल विकला?" त्यांनी फाईल चाळली. त्यात ते नव्हतं.

दुसरं विचारलं, "सबसिडी मिळाली तर काय कराल?"

"सात लाख येतील ना? त्यातून जागेची पागडी देऊ."

इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. सबसिडी हातात पडणारी रोकड नव्हे. आधी बँकेने कर्ज मंजूर करायचं, प्रकल्पखर्चाचे किमान १० टक्के आपण घालायचे, म्हणजे ताईंच्या हिशेबाने २ लाख. अनुदान कर्जखात्याशी जोडून वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षांनंतर, उद्योग चालू असेल व हप्ते थकलेले नसतील, तरच कर्जात वळतं होतं. कमाल मर्यादा १० लाख. हे ऐकून ताई इतक्या गप्प झाल्या की मी उठून पाणी आणलं. चौदा महिने त्या ज्या पैशांची स्वप्नं बघत होत्या, ते तसे हातात येणारच नव्हते.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तसंही माझ्या हाताला यश नाही. शेवटची खेप लोकांनी परत केली होती. तळले की वेफर्स लाल पडायचे."

हे वाक्य मला फाईलपेक्षा महत्त्वाचं वाटलं. कारण फाईलमागे लपलेली भीती ती होती. "ती खेप कधीची?" मेअखेरची. "बटाटा कुठला?" बाजारातला, स्वस्त मिळाला. मी एवढंच म्हटलं, इंदूरच्या चोइथराम भाजीमंडीत जा आणि विचारून या. त्या गेल्या. तिथल्या आडत्याने पहिल्याच दमात विचारलं, "चिप्सवाला चाहिए कि सब्जीवाला?" माळव्यात चिप्सोनासारख्या वेफर्ससाठीच्या जाती पिकतात, त्यात साखर कमी असते. शीतगृहाच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, आणि तळताना तीच करपून वेफर्स लाल-काळे पडतात. ताईंनी मेमध्ये शीतगृहातला भाजीचा बटाटा घेतला होता. दोष हाताचा नव्हताच.

पुढच्या भेटीला त्या स्वतःहून वही घेऊन आल्या. मी म्हटलं, "सबसिडी बाजूला ठेवू. किती पैसे बुडाले तरी रात्री झोप लागेल?" बराच वेळ विचार करून म्हणाल्या, चाळीस हजार. मग तेवढ्यातच बसवायचं ठरलं. फेब्रुवारीत ताजा माल आला की तीनशे किलो चिप्सवाला बटाटा, हाताने फिरवायचं स्लायसर, एक मदतनीस. साठेक किलो वेफर्स झाले. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव वहीत, आणि पुन्हा मागितलं की नावापुढे फुली.

आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या लोमे शहरात १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक प्रयोग मी अनेकांना सांगतो. २०१७ मध्ये तो 'सायन्स' या नियतकालिकात आला. काहींना जमाखर्च, विक्री वगैरे नेहमीचं प्रशिक्षण दिलं. काहींना दुसरंच शिकवलं: कुणी सांगायची वाट न पाहता हालचाल करणं, पुढची अडचण आधीच हेरणं, अडलं तरी दुसरी वाट काढणं. या दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने ११ टक्के, आणि तोही आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. ताईंना मी यातलं अडचण आधी हेरण्याचं तेवढं दिलं. दर रविवारी वहीत एक ओळ लिहायची: पुढच्या महिन्यात काय बिघडू शकतं? पहिली ओळ होती, 'पाऊस लवकर आला तर.' दुसरी, 'जाऊबाई रुसल्या तर.' मी हसलो, पण मदतनीस जाऊबाईच होत्या, तेव्हा धोका खराच होता.

आता योजनांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी त्यांच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. पुढच्या वर्षी ताईंनी ४ लाखांचा छोटा प्रस्ताव केला. ४० हजार स्वतःचे, बाकी कर्ज, अनुदान १ लाख ४० हजार. या योजनेत जिल्ह्याला मदतनीस तज्ज्ञ असतात. त्यांनी अहवाल आणि खाद्यपरवान्याची कागदपत्रं नीट लावून दिली, एक पैसा न घेता. (उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी मात्र त्याआधी एका दलालाने ताईंकडून दीड हजार उकळले होते. ती नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे.) बँकेतल्या साहेबांनी अहवाल वरवर पाहिला आणि ती फुल्यांची वही मात्र पानापानाने उलटली. मीही त्या खुर्चीत असतो तर तेच केलं असतं. वीस लाखांच्या अहवालातले आकडे भाड्याचे असतात, हे आम्हा बँकवाल्यांना लगेच कळतं.

मंजुरीला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ताईंनी एकदाही फोन केला नाही, हंगाम चालू होता.

परवा आल्या त्या नव्या तक्रारीसह. सियागंजमधल्या एका व्यापाऱ्याने तीन महिने पैसे अडकवलेत. मी उत्साहाने छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा काढला: नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज, ऑनलाइन तक्रारीचीही सोय.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते ठेवा काका हाताशी. मी कालच त्यांना सांगून आलेय, जुने निम्मे दिल्याशिवाय होळीचा माल निघणार नाही."