“मला तेव्हाच कळायला हवं होतं”

“मॅडम, बाबांना मी मारलं.” समुपदेशनासाठी आलेल्या त्या बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या हेच सांगितलं. वडील जाऊन पाच महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मग त्यांनी एक यादी म्हणून दाखवली. ती पाठ होती. मंगळवारी पोटात वरच्या बाजूला जळजळ. बुधवारी थकवा. त्यानंतर खांदा दुखतो म्हणाले. पुन्हा जळजळ. रविवारी पहाटे हृदयविकाराचा झटका. “इतकं स्पष्ट होतं! कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. दादासुद्धा हेच म्हणतो, तू रोज त्यांच्याजवळ होतीस, तुला दिसलं कसं नाही?”

अशी यादी घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कुणाचा धंदा बुडालेला असतो, कुणाचं लग्न मोडलेलं असतं. शब्द मात्र तेच: कळायला हवं होतं. यादीतली एकही गोष्ट खोटी नसते. पण ती तयार झालेली असते सगळं घडून गेल्यावर. शेवट हातात धरून आपण मागे चालत जातो आणि त्या शेवटाकडे बोट दाखवणारं तेवढंच वेचत येतो. मानसशास्त्रात याला हाइंडसाइट बायस म्हणतात. आपल्याकडे पश्चातबुद्धी हा शब्द आहेच. फक्त ही बुद्धी आपल्याला आधीपासून होती असं मनाला खरोखर वाटू लागतं, तिथे घोटाळा होतो.

“तुमची काही चूक नाही” असं मी त्यांना म्हटलं नाही. ते त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी एक काम दिलं. बाबांच्या शेवटच्या नऊ दिवसांतले घरातले फोनवरचे सगळे मेसेज तारखेप्रमाणे वहीत उतरवायचे. बाबांच्या तब्येतीचेच नव्हे, सगळे. आणि एक दिवस लिहिताना पुढचा दिवस वाचायचा नाही.

पुढच्या भेटीत वही आली. त्या नऊ दिवसांत बाबांनी गुडघ्याची तक्रार केली होती, झोप लागत नसल्याची केली होती, नवा चष्मा नीट बसत नसल्याची तर चारदा. खांद्याबद्दल त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, जड पिशवी उचलली म्हणून दुखतोय. जळजळीसाठी डॉक्टरांनी आम्लपित्ताचं औषध दिलं होतं. त्याच दिवसांत मुलीची परीक्षा होती आणि यांच्या ऑफिसात ऑडिट. आणि गुरुवारी सकाळी बाबांचा मेसेज होता: आज एकदम बरं वाटतंय, फिरून आलो.

“हा मेसेज मला आठवतच नव्हता,” त्या म्हणाल्या. बराच वेळ त्याच पानावर हात ठेवून बसल्या.

असं विसरणं खोटेपणातून येत नाही. १९७२मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्यापूर्वी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांना आपलेच जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. निकाल कळला की आठवण त्याच्या बाजूने सरकते.

दादाचा प्रश्नही तिथूनच येतो. १९९१मध्ये ११२ भूलतज्ज्ञांना काही प्रकरणं वाचायला दिली होती. उपचार तेच, फरक फक्त रुग्णाची इजा तात्पुरती की कायमची, एवढाच. इजा कायमची असल्याचं वाचल्यावर ‘उपचार योग्य होते’ म्हणणाऱ्या उत्तरांचं प्रमाण ३१ टक्के-बिंदूंनी घसरलं. रोज हेच काम करणाऱ्या डॉक्टरांचं हे होतं, तर शोकात बुडालेल्या भावाचं काय होणार?

पण वहीत आणखी एक ओळ होती. डॉक्टर म्हणाले होते, जळजळ थांबली नाही तर ईसीजी काढून घ्या. शुक्रवारी पुन्हा जळजळ झाली, तेव्हा यांनी आईला लिहिलं होतं: सोमवारी बघू.

ही ओळ मी टाळली नाही. टाळली असती तर माझ्यावरचा त्यांचा विश्वास तिथेच संपला असता. तो उशीर होता आणि त्याची खंत खरी आहे. (छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटतंय, जोडीला दम लागतोय, घाम फुटतोय, तर सोमवारची वाट पाहू नये, हे कळकळीनं सांगते.) मात्र शुक्रवारी त्यांच्यासमोर आदल्या दिवशी फिरून आलेले बाबा होते, रविवार नव्हता. “ईसीजी दोन दिवस लांबवला” आणि “बाबांना मारलं” ही दोन वाक्यं मी वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगितली. त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या, पहिल्या वाक्यासाठी.

मग मी विचारलं, ते दुखणं आम्लपित्तच निघालं असतं, तर या नऊ दिवसांची गोष्ट कशी सांगितली असती? मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि फिशहॉफ यांनी १९७७मध्ये दाखवलं होतं की उलटा निकाल कसा लागू शकला असता हे शोधायला लावलं, तर ‘हे होणारच होतं’ ही खात्री थोडी सैल होते. त्या म्हणाल्या, “चष्म्याचीच गोष्ट सांगितली असती. चष्म्यानं आम्हाला किती छळलं त्याची.”

मला जास्त काळजी होती ती पुढच्या निर्णयांची. पाच महिन्यांत त्यांनी आईला चार वेळा रात्री दवाखान्यात नेलं होतं, एकदा नुसत्या उचकीसाठी. चारही वेळा काही निघालं नाही. आणि आईनं दुखलं-खुपलं सांगणं बंद केलं होतं. ‘प्रत्येक लक्षण ओरडून सांगत असतं’ हा चुकीचा धडा शिकून त्यांनी खरी खबर मिळण्याची वाटच बुजवली होती.

म्हणून वही चालू ठेवली. आईबद्दल काही ठरवायचं झालं की त्या क्षणी काय माहीत आहे, काय ठरवलं आणि कधी पुन्हा बघायचं, हे वेळेसह लिहायचं, निकाल लागण्याआधी.

सातव्या भेटीत त्यांनी एक पान दाखवलं. “११.२०. आईला चक्कर. रक्तदाब नेहमीएवढा. छातीत दुखत नाही, बोलणं स्पष्ट. सकाळपासून पोटात काही नाही. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, खायला द्या, तासाभरानं पुन्हा मोजा, बोलणं अडखळलं तर लगेच आणा. आत्ता एवढंच माहीत आहे.”

“चक्कर येतेय हे तुम्हाला कळलं कसं?” मी विचारलं.

“आईच म्हणाली,” त्या म्हणाल्या. “स्वतःहून.”