वाचकांचे प्रश्न : हन्स्टॅन्टनची काचेची शाळा

प्रश्न : इंग्लंडमधल्या हन्स्टॅन्टनच्या शाळेची वास्तुकलेच्या पुस्तकांत वाहवा असते. पण तिथे उन्हाळ्यात वर्ग तापतात, हिवाळ्यात गारठतात, काचा तडकतात असंही वाचलं. खरं काय? (पुणे)

उत्तर : दोन्ही खरं, आणि दोन्हींचं मूळ एकच.

१९४४ च्या कायद्याने तिथे सरकारी शाळांतलं माध्यमिक शिक्षण मोफत झालं. १९४७ मध्ये शाळा सोडण्याचं किमान वय १४ वरून १५ वर गेलं आणि वर्गखोल्या कमी पडू लागल्या. नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या या गावातल्या शाळेच्या आराखड्यासाठी झालेली स्पर्धा १९५० मध्ये ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुरचनाकार जोडप्याने जिंकली. ती २१ वर्षांची, तो २६. पोलादाच्या टंचाईने काम रखडलं. शाळा पूर्ण झाली १९५४ मध्ये.

सांगाड्याचं गणित रोनाल्ड जेंकिन्स या अभियंत्याचं. वेल्ड केलेल्या चौकटीत एका ठिकाणी पोलाद वाकू लागलं तरी चौकट लगेच कोसळत नाही, भार शेजारच्या भागाकडे सरकतो. ही राखीव ताकद हिशेबात धरली की पोलाद कमी लागतं. याच सिद्धांतावर दुसऱ्या महायुद्धात तिथल्या घराघरांतली ‘मॉरिसन निवारा’ म्हणून ओळखली जाणारी, बाँबहल्ल्यात खाली आसरा घेण्याची लोखंडी टेबलं बेतली होती.

मांडणी तर फारच हुशार. मधे दुमजली उंचीचा हॉल, दोन्ही बाजूंना हिरवळीचे चौक. वरच्या मजल्यावरच्या वर्गांना जोडीजोडीने स्वतंत्र जिने, त्यामुळे लांबलचक व्हरांडा नाही आणि वर्गात दोन्हीकडून उजेड. काहीच झाकायचं नाही हा हट्ट : पाइप, विजेच्या नळ्या, काँक्रीटच्या फरश्यांची खालची बाजू, सगळं उघडं. हात धुण्याच्या बेसिनचं पाणीसुद्धा उघड्या पन्हळीत. पाण्याची लोखंडी टाकी मनोऱ्यावर, दुरून दिसेल अशी.

हाच हट्ट काचेपाशी नडला. खिडकीची चौकट थेट मुख्य सांगाड्याला वेल्ड केली होती. ३ मीटर पोलाद ३० अंशांनी तापलं तर सुमारे १ मिलिमीटर वाढतं, तेवढीच काच ०.८ मिलिमीटर. फरक किरकोळ वाटतो, पण काच घट्ट बसलेली असेल तर तो पचवायला जागाच नसते. त्यात वाऱ्याने आणि भाराने सांगाडा जो हलतो, तोही थेट काचेवर येतो. एवढ्या काचेतून ऊन आत येतं आणि थंडीत ऊब बाहेर जाते. कठीण पृष्ठभागांमुळे आवाज घुमतो तो वेगळाच. पुढे अनेक तावदानांच्या जागी काळे पत्रे आले. मूळ छायाचित्रांतला हलकेपणा त्यात बराच हरवला. तरीही १९९३ मध्ये तिला संरक्षित इमारतींमध्ये वरचा दर्जा मिळाला, आणि आमच्या मते तो योग्यच आहे.

प्रश्न : तिचं आताचं नाव ‘स्मिथ्डन हायस्कूल’ स्मिथसन यांच्यावरून का? (नाशिक)

उत्तर : नाही. स्मिथ्डन हे नॉरफोकमधल्या जुन्या महसुली विभागाचं नाव. हन्स्टॅन्टन त्यातच येतं. साम्य निव्वळ योगायोगाचं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या जुन्या लोखंडी खिडक्यांच्या काचाही आपोआप तडकतात. कारण तेच का? (रत्नागिरी)

उत्तर : बहुधा नाही. तुमच्याकडे आधी गंजाचा संशय घ्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि खाचेत काच दाबत जातो. असा तडा बहुतेकदा कोपऱ्यातून किंवा फुगलेल्या जागेपासून निघतो. तडा कडेला काटकोनात सुरू होऊन पुढे वाकडा गेला असेल, तर मात्र उष्णतेचा.

नुसती काच बदलली तर नवीही तडकेल. जुनी पुट्टी पूर्ण काढा, खाच तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, त्याच दिवशी झिंकयुक्त प्रायमर द्या आणि तो वाळू द्या. नवी काच चारही बाजूंनी ३ मिलिमीटर सैल राहील अशी कापून घ्या. तिची कड टवका गेलेली नको, तडा तिथूनच सुरू होतो. काच थेट लोखंडावर टेकवू नका. खालच्या कडेला दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर रबराचे दोन तुकडे ठेवा आणि पुट्टीच्या पातळ थरावर ती बसवा. पुट्टी धातूच्या खिडक्यांसाठीचीच मागा, लाकडाची लोखंडावर नीट सुकत नाही. वर साय धरली की रंग द्या, आणि तो काचेवर २ मिलिमीटर चढू द्या. रंगारी हा काठ ब्लेडने ‘स्वच्छ’ करून देतात, तो करू देऊ नका. पावसाचं पाणी तिथूनच खाचेत उतरतं.