वाचक विचारतात : पितळी पाटी आणि ऑर्गनचं खरं वय

प्रश्न : आमच्या शाळेच्या चॅपलमधल्या पाइप ऑर्गनवर बांधणाऱ्याचं नाव आणि साल असलेली पितळी पाटी आहे. पण त्याच्या ४० वर्षं आधीच्या शालेय अंकातही ऑर्गनचा उल्लेख सापडतो. इतिहास लिहायचा तर कशावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : दोन्हींवर. पाटी बहुतेक वेळा शेवटच्या मोठ्या पुनर्बांधणीची असते. शाळा अनेकदा एखाद्या चर्चमधून उतरवलेला ऑर्गन विकत घेत, त्यामुळे वाद्य चॅपलहूनही जुनं निघू शकतं. पाटी बाजूला ठेवा आणि नळ्या वाचा.

धातूच्या नळीवर तोंडाजवळ किंवा पायावर सुराचं अक्षर ठोकलेलं असतं. ‘सी’ ठोकलेली नळी सी शार्पच्या (त्याच्या लगेच वरच्या सुराच्या) भोकात बसली असेल आणि ओळभर प्रत्येक नळी अशीच एक घर सरकलेली असेल, तर कधीतरी पूर्ण ऑर्गनची पट्टी (सुरांची एकूण उंची) उतरवली आहे. अशा वेळी सर्वांत खालची नळी नव्याने करावी लागते. तिचा धातू आणि अक्षराचा ठसा वेगळा दिसतो. हा पुरावा पाटीपेक्षा बोलका असतो. नळी पाहायला काढलीच, तर सुती हातमोजे घालून दोन्ही हातांनी उचला, कारण शिसं जास्त असलेला धातू बोटानेही दबतो. रीडच्या, म्हणजे धातूच्या कंप पावणाऱ्या जिभेने वाजणाऱ्या, नळ्यांना हात लावू नका.

पट्टी मोजताना थर्मामीटर जवळ हवाच. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये ए = ४५२ हर्ट्झच्या आसपासची चढी पट्टी रूढ होती; ४४० वर आंतरराष्ट्रीय सहमती १९३९ साली झाली. पण हवा १ अंश सेल्सिअसने तापली की साध्या (रीड नसलेल्या) नळ्यांचा सूर सुमारे ३ सेंट चढतो (१ सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). २० अंशांना ४४० देणारी नळी ३० अंशांना ४४७ च्या पुढे जाते आणि जुन्या पट्टीचा भास होतो. म्हणून ओपन डायपेसन या ८ फुटी स्टॉपवर (स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांची ओळ सुरू-बंद करणारी खुंटी) मोजा आणि आकड्याशेजारी तापमान लिहा.

पेटाऱ्याच्या बाजूला उभी खाच किंवा बुजवलेलं भोक दिसतं का? तिथे हाताने भाता मारायचा दांडा असायचा. त्याच्या आसपासच्या फळीवर भाता मारणाऱ्या मुलांनी पेन्सिलीने लिहिलेली नावं आणि सालं सापडतात. साफसफाईच्या आधी त्यांचे फोटो काढा. ओल्या फडक्याने ती कायमची जातात. सूर लावणाऱ्यांची नोंदवही आत खिळ्याला टांगलेली असू शकते. विश्वस्तांची इतिवृत्तं आणि हिशेबवह्या त्यानंतर बघा.

प्रश्न : कीबोर्डची पट्टी न दाबताही एक सूर वाजत राहतो. आता ऑर्गन मोडीत काढायचा का?

उत्तर : मुळीच नाही. सगळे स्टॉप बंद करा आणि त्याच कीबोर्डचा एकेक उघडून पाहा. प्रत्येक स्टॉपवर तोच सूर अडकत असेल, तर कीबोर्डच्या त्या पट्टीची, नळ्यांना वारा सोडणारी झडप पूर्ण मिटत नाही. चामड्यावर बसलेला कचरा, थकलेली स्प्रिंग किंवा दमटपणाने घट्ट झालेली ओढपट्टी (कीबोर्डच्या पट्टीपासून झडपेपर्यंत जाणारी लाकडी पट्टी), यांपैकी काहीतरी असतं. ओढपट्टीच्या टोकाला चामड्याची छोटी चकती असते. तिच्या मूळ जागेची खूण करून ती पाव फेरा सैल करा. सूर थांबला नाही, तर चकती खुणेवर परत आणा आणि जाणत्या कारागिराला बोलवा.

सगळे स्टॉप बंद असतानाही बारीक सूर येत असेल, तर वारा स्टॉपच्या सरकपट्टीखालून (नळ्यांच्या ओळीचा वारा उघडणारी-बंद करणारी सरकती फळी) गळतोय. ते काम नळ्यांखालची वाऱ्याची पेटी उघडल्याशिवाय होत नाही. पेटी उघडेल त्या दिवशी कॅमेरा घेऊन तिथे हजर राहा, कारण झडपांच्या मागे कारागिरांच्या सह्या असू शकतात.