१५ वर्षांच्या मुलाच्या नाकात मागे गाठ आहे. डॉक्टर बायोप्सी नको, थेट ऑपरेशन करू म्हणतात. हे बरोबर आहे का?

हो, बरोबर आहे: या वयाच्या मुलाचा एकाच बाजूने वरचेवर घोळणा फुटत असेल आणि तीच नाकपुडी चोंदलेली असेल, तर आधी अँजिओफायब्रोमा या गाठीचा संशय घेतात, आणि तिचा तुकडा तपासणीसाठी (म्हणजे बायोप्सी) ओपीडीत काढत नाहीत. गाठ कॅन्सरची नसते, पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. त्या वाहिन्यांना आकसून घ्यायला पुरेसे स्नायू नसतात, त्यामुळे चिमटा लागला की रक्त थांबता थांबत नाही. निदान कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध टोचून केलेल्या) सीटी आणि एमआरआय स्कॅनवर होतं; सीटीत गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे ढकललेली दिसते. ऑपरेशनच्या १ ते ३ दिवस आधी बहुधा मांडीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात, म्हणजे एम्बोलायझेशन. ती सोय जिथे आहे तिथेच जा, यात तडजोड नको. बऱ्याच गाठी दुर्बिणीने नाकातूनच निघतात. पुन्हा वाढू शकतात म्हणून नंतरही एमआरआय लागतो. मात्र रुग्ण मुलगी किंवा प्रौढ असेल, किंवा मानेत गाठ हाताला लागत असेल, तर स्कॅननंतर बायोप्सी टाळू नका.