पहिल्यांदा 'नेपोलियन' बघणार असशील तर

मूकपटांची सुरुवातच फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्सच्या 'नेपोलियन'पासून करतोयस, छान! पण मोबाईलवर बघू नकोस रे. शेवटी पडदा दोन्ही बाजूंना उघडतो, तीन प्रोजेक्टरची तीन चित्रं शेजारी येतात आणि इटलीकडे निघालेली फौज त्यात मावते. छोट्या स्क्रीनवर त्याची नुसती पट्टी उरते. प्रोजेक्टर मिळव, नाहीतर घरातला सगळ्यात मोठा टीव्ही.

चित्रपट-इतिहासकार केविन ब्राउनलोंनी आयुष्यभर फिल्मचे तुकडे जमवून जोडलेली, कार्ल डेव्हिसच्या संगीताची साडेपाच तासांची प्रत घे. दोन-तीन बैठकांत बघितलीस तरी चालेल. सुरुवातीची शाळेतली बर्फाच्या गोळ्यांची लढाई मात्र लगेच पुन्हा लावून बघ. कॅमेरा पोरांच्या घोळक्यात शिरलाय, हे १९२७ साली! पुढे घोड्यावर बांधलेला, झोक्यासारखा हेलकावणारा कॅमेराही भेटेल.

गान्सला असे सहा चित्रपट करायचे होते. पैसा पहिल्यातच संपला. म्हणून गोष्ट १७९६ ला थांबते, नेपोलियन सम्राट होण्याच्या कितीतरी आधी. मला त्याची अजून हळहळ वाटते.