सोळाव्या प्रकरणात उगवलेला चोर

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या मुलांसाठीच्या रहस्यकादंबरीचा खर्डा दोनदा वाचला. वीस प्रकरणं, अठ्ठावीस हजार शब्द. नऊ ते बारा वर्षांच्या वाचकाला एवढी लांबी पेलते. ‘पात्रं पुसट, रहस्य पोकळ’ असा शेरा मिळाल्याचं तू लिहिलंस. शेरा खरा आहे, पण तू त्याला दोन वेगळे आजार समजून दोन वेगळी औषधं केलीस. पात्रांसाठी एकाला चष्मा दिलास, दुसऱ्याला सतत भूक लावलीस. रहस्यासाठी आणखी एक भुयार खणलंस. आजार एकच आहे: तुझ्या पाच मुलांना सापडलेला प्रत्येक धागा पाचांपैकी कुणालाही सापडला असता.

जर्मन लेखक एरिख केस्टनर यांची १९२९ सालची एमिल नावाच्या मुलाची कादंबरी पुन्हा काढून बघ. एमिलची आई लोकांचे केस धुऊन-विंचरून पैसे साठवते. त्या १४० मार्कांतले १२० आजीला पोचवायचे म्हणून हा काळजीवाहू पोरगा नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीनं टोचून ठेवतो. आगगाडीत त्याला झोप लागते, पैसे जातात. शेवटी बँकेत नोटा कुणाच्या हे ठरतं ते त्या टाचणीच्या भोकांवरून. पोरगा बेफिकीर असता तर टाचणी नसती आणि पुरावाही नसता. स्वभावातून कृती आली आणि कृतीतून पुरावा.

आता तुझ्या गोष्टीत चोरीला जाणारी घंटा. कल्पना उत्तम आहे. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही आहेत. पण तुझा चोर ती गोणत्यात घालून पळतो! तोंडाशी अर्धा मीटर व्यासाची ओतीव घंटा म्हणजे सत्तर-ऐंशी किलोच्या घरातलं धूड. ते खांद्यावर टाकून कुणी गडगा ओलांडत नाही. दोन माणसं, वासा, दोर आणि होडी लागणार. लोलक बांधला नाही तर अर्धा गाव जागा होणार. ही अडचण तुझ्या फायद्याची आहे, कारण होडी आली की भरती-ओहोटी आली.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दुपारी आणि रात्रीही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत गेलं की वेळ थोडी पुढे सरकते. तुझी चोरी पौर्णिमेच्या रात्रीची आहे. मग चोराला म्हणू दे, ‘मी संध्याकाळी सहालाच होडीनं पलीकडे गेलो होतो.’ शहरातून सुट्टीला आलेल्या चौघांना यात काही खटकणार नाही. तरीवाल्याच्या मुलीला लगेच खटकेल, कारण त्या वेळी धक्क्याला चिखल असतो, होडी लागतच नाही. आज पाचांतली ही मुलगी तुझ्या खर्ड्यात फक्त शहाळी आणून देते.

तिला नायिका कर आणि पाचांची तीन मुलं कर. मग एक चाचणी घे: एखाद्या प्रसंगातली ‘म्हणाला-म्हणाली’ खोडून संवाद मोठ्यानं वाच. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर ती दोन पात्रं एकच आहेत. तुझ्या चौथ्या प्रकरणात ‘अरे बापरे!’ अकरा वेळा आहे आणि ते पाचही जण म्हणतात.

दुरुस्तीला बसशील तेव्हा पहिल्या प्रकरणाला हात लावू नकोस. आधी एका पानावर चोराची बाजू लिही, तासातासाची: केव्हा ठरवलं, दोर कुठून आणला, कोण सोबत होतं, कुठे चुकला. मग आडव्या कागदावर चार रकाने आख: प्रकरण, चोर तेव्हा काय करतोय, मुलांना काय कळलं, वाचकाला काय दिसलं. लागोपाठ तीन प्रकरणांत तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथे मुलं नुसती हिंडताहेत. तुझ्याकडे सातव्यापासून अकराव्यापर्यंत तो रिकामाच राहील.

धागे सहा-सात पुरेत. त्यातल्या दोन धाग्यांचा मुलांना चुकीचा पण प्रामाणिक अर्थ लागू दे. धागा परिच्छेदाच्या शेवटी ठेवलास की तो ओरडतो. धक्क्यावर काय काय पडलंय ते सांगताना जाळी, फुटका कंदील, नवा सुंभ, मासळीच्या टोपल्या असं लिही, आणि सुंभावर थांबू नकोस.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनीही १९२९मध्येच रहस्यकथेचे दहा नियम मांडले. पहिला नियम, गुन्हेगार कथेत लवकर यायला हवा. तुझा सोळाव्या प्रकरणात येतो; पाचव्याच्या आत आण, आणि काहीतरी उपयोगाचं काम करताना दाखव. (गुप्त वाट एकाहून जास्त नको, असाही एक नियम आहे. तुझ्याकडे तीन भुयारं झाली.) योगायोगानं शोधणाऱ्याला मदत होऊ नये, हाही त्यातलाच. तुझी मुलं तीनदा झुडपाआडून चोरांचं बोलणं ऐकतात. एकदासुद्धा नको.

चोराच्या गालावरचा वण आणि त्याचं ‘बाहेरगावचा’ असणं दोन्ही काढ. वाचक पहिल्या ओळीत ओळखतो, आणि परका म्हणजे चोर हे आपण पोरांना शिकवायचं कारण नाही. हेतू पोरांना कळेल असा हवा: फेडता न येणारं कर्ज, भावाभावांतली चुरस. ‘कोट्यवधींची आंतरराष्ट्रीय टोळी’ त्यांना फक्त ऐकून माहीत असते.

मोबाइलला रेंज नाही, ही पळवाट सोड. तिसऱ्या प्रकरणात, चोरीच्याच संध्याकाळी, मुलं धक्क्यावर फोटो काढतात. त्यात मागे उघड्या पडलेल्या पायऱ्या आणि चिखल दिसू दे. फोटोवर वेळ असतेच. पंधराव्यात तोच फोटो पुन्हा उघडला की काम झालं. आणि मुलांनी मोठ्यांना सांगायलाच हवं. मोठ्यांनी विश्वास न ठेवण्याचं पटेलसं कारण तू शोध. शेवटी इन्स्पेक्टर जो तीन पानं खुलासा करतो, तो अर्ध्या पानावर आण. सांगण्यासारखं सगळं मुलीनं आधीच सांगितलेलं असेल.

दिवाळीच्या आत नवा खर्डा नको. फक्त चोराचं पान आणि चार रकान्यांचा कागद पाठव. गोष्टीची पौर्णिमा कुठल्या महिन्यातली तेही त्यावर लिही, कारण सध्या मुलं मे महिन्याच्या सुट्टीत आहेत आणि नवव्या प्रकरणात अंगणात प्राजक्ताचा सडा पडलाय.

कळावे, लोभ आहेच.