बोनस, मोठा हॉल आणि सात स्पीकर

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या घरातला हॉल 9 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच. उजव्या बाजूला भिंतच नाही, तिथून सरळ स्वयंपाकघर सुरू होतं. मागच्या कोपऱ्यातून जिना वर जातो. टीव्हीपासून सोफा साडेचार मीटरवर. विक्रेत्याने सात स्पीकर, एक सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा खास स्पीकर) आणि रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन, ताकद देऊन स्पीकरांना वाटणारं यंत्र) असा पूर्ण संच सुचवलाय. किंमत साधारण चार महिन्यांच्या पगाराइतकी. तीन महिन्यांच्या पगाराइतका बोनस आलाय, तो लगेच भरायचा आणि उरलेली रक्कम 12 बिनव्याजी हप्त्यांत द्यायची, असा बेत. सगळे पैसे रोख दिले तर 10 टक्के सूट आहे. गृहकर्ज चालू आहे, अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला आहे. पत्नीचं म्हणणं, एक साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट एकसंध स्पीकर, पुरे. वाचकाला वाटतं, एवढ्या हॉलमध्ये तो कुठल्या कुठे हरवेल. शेवटी एक ओळ: ‘एरवीही टीव्हीवरचे संवाद सोफ्यावरून नीट कळत नाहीत, आवाज सारखा वाढवावा लागतो.’

नमस्कार.

तुमचं पत्र मी शेवटून वाचायला सुरुवात केली, कारण खरं दुखणं त्या शेवटच्या ओळीत आहे. त्याकडे येतोच. आधी हप्त्यांचं बोलू, कारण तिथे तुमची चक्क फसगत होतेय आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही.

संचाची किंमत 100 धरा. त्यातले 75 तुम्ही बोनसमधून आजच देणार आणि 25 वर्षभरात. व्याज शून्य, म्हणून बेत निर्धास्त वाटतो. पण हाच संच रोखीत 90 ला मिळतोय. म्हणजे 75 दिल्यावर तुम्हाला कमी पडतात फक्त 15. विक्रेता तुम्हाला 15 उसने देतोय आणि 12 महिन्यांत 25 परत घेतोय. हा दर काढला तर महिन्याला साधारण 9 टक्के पडतो. वर्षाला नव्हे, महिन्याला! गृहकर्जाचा दर पाव टक्क्याने वाढला तर आपण बँकेत चकरा मारतो आणि इथे ‘बिनव्याजी’ एवढा शब्द वाचून सही करतो. सूट पूर्ण किमतीवर मिळते आणि उधारी मात्र थोड्याच रकमेची असते, तेव्हा हे हमखास घडतं.

मग तेवढे 15 अडीअडचणीच्या पैशांतून काढावेत का? अजिबात नाही. दोन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक ही गृहकर्ज असलेल्या माणसासाठी आधीच तोकडी आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हाला आज सहा जमणार नाहीत, पण चार नक्की जमतील. तुमचा मासिक खर्च, हप्ता धरून, पगाराच्या पाऊण पट आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बोनसचा अर्धा भाग, दीड महिन्याचा पगार, बाजूला टाकला की आणखी दोन महिन्यांची सोय झाली. उरलेला दीड महिन्याचा पगार आवाजावर खुशाल उडवा. ‘उडवा’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. ही गुंतवणूक नाही, हौस आहे, आणि हौसेला लाजायचं कारण नाही. फक्त तिची हद्द आधी आखलेली असावी.

आता दीड पगारात तो हॉल भरेल का? इथे आकडेमोड करावी लागेल. मलाही या विषयाचं थोडं वेड आहे, तेव्हा चालवून घ्या.

तुमच्या हॉलमधली हवा 162 घनमीटर. जिना आणि स्वयंपाकघर धरलं तर त्याहून बरीच जास्त. नेहमीची 4 बाय साडेतीन मीटरची खोली 42 घनमीटर भरते. म्हणजे एका खोलीत दणदणीत वाजणाऱ्या वस्तूला तुमच्याकडे निदान चौपट हवा हलवायची आहे. ही झळ सगळ्यात जास्त बसते ती खालच्या, घुमणाऱ्या आवाजाला. बंद खोलीत भिंती त्या आवाजाला हात देतात; तुमच्याकडे तो स्वयंपाकघरातून आणि जिन्यावरून निघून जातो. म्हणून संचातला एकुलता एक सबवूफर तुमच्या हॉलमध्ये सगळ्यात आधी दमेल, आणि सात स्पीकरांपैकी निम्मे नुसते शोभेला राहतील. विक्रेत्याने डबे मोजलेत, हवा मोजली नाही.

वरच्या पट्टीतल्या आवाजाचं गणित वेगळं आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो: 1 वॉट दिला तर 1 मीटरवर आवाज किती डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप). खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॉटपेक्षा हा आकडा तुमच्या कामाचा. समजा तो 87 आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने उतरतो. साडेचार मीटरवर पोचेपर्यंत 13 डेसिबल गेलेले असतात, उरले 74. सिनेमागृहातला प्रमाण आवाज सरासरी 85 आणि शिखरावर 105 डेसिबल धरतात. घरात एवढ्या जोरात कुणी ऐकत नाही, दहाबारा डेसिबल खालीच ऐकतात. म्हणजे तुम्हाला शिखरावर 93 हवेत. 74 वरून 93 वर जायला 80 वॉट लागतात. तोच स्पीकर 91 डेसिबलचा घेतला तर 32 वॉटमध्ये काम होतं. प्रत्यक्षात भिंती थोडी मदत करतात, त्यामुळे याहूनही कमी लागतील. थोडक्यात, मधल्या दर्जाचा रिसीव्हर तुम्हाला पुरतो, स्पीकर तेवढा बघून घेतला तर. दुप्पट वॉटचा रिसीव्हर घेतला तर पदरात पडतात 3 डेसिबल, आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला 10 लागतात. रिसीव्हरचे वॉट बहुतेक वेळा दोनच वाहिन्या (एका स्पीकरला एक वाहिनी) चालू ठेवून मोजलेले असतात, हेही विचारून घ्या. सातही वाजायला लागल्या की प्रत्येकीच्या वाट्याला त्याहून कमी येतं.

आणि हे 3 डेसिबल तुम्हाला फुकट मिळू शकतात. सोफा साडेचार मीटरवरून 3.2 मीटरवर ओढा. झालं. रिसीव्हरचे वॉट दुप्पट केल्याचं काम सोफ्याने केलं. तुमच्या आराखड्यात सोफ्यामागे जवळजवळ चार मीटर जागा मोकळी दिसतेय, त्यामुळे अडचण काही नाही. टीव्हीही मोठा दिसेल.

आता संवादांकडे. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. तुमच्या टीव्हीला तो नाही. त्याचे छोटे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसलेत, आणि फरशी, काच, उघडी भिंत यांवरून आपटून आलेला आवाज शब्दांची टोकं खाऊन टाकतो. नवं घर असल्याने पडदे अजून लागलेले नाहीत आणि फरशी पूर्ण उघडी आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागे ‘झ्झ्झ’ अशी शेपटी ऐकू आली तर स्पीकरआधी जाड गालिचा आणि वजनदार पडदे घ्या. ते तसेही घ्यायचेच आहेत, फक्त यादीत वर आणा. गालिचा सोफा आणि टीव्हीच्या मधल्या पट्ट्यात हवा. जेवणाच्या टेबलाखाली घालून उपयोग नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. सात नको, तीन घ्या: डावा, उजवा, मधला, एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो. दीड पगारातला मोठा वाटा या तिघांवर जाऊ द्या, त्यातही मधल्यावर हात आखडू नका. टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, की शेल्फवरचे छोटे, यात अडकू नका. सबवूफर जोडला की साधारण 80 हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला आवाज त्याच्याकडेच पाठवायचा असतो, त्यामुळे टॉवरच्या उंचीतला बराचसा भाग दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखा होतो. मोठ्या हॉलमध्ये टॉवर जास्त जोर धरतात हे खरं, पण तो जोर उंचीत शोधू नका, सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यात शोधा. दुसरा वाटा एका दमदार सबवूफरला. रिसीव्हर मात्र बेताचा.

रिसीव्हर बेताचा का, हे आर्थिक नियोजक म्हणून सांगतो. या सगळ्यात लवकर म्हातारा होतो तो रिसीव्हर. जोडणीची मानकं बदलतात, टीव्ही आणि रिसीव्हर जोडणाऱ्या एचडीएमआय केबलचं 2.1 हे मानक 2017 मध्ये आलं आणि त्याआधीचे कितीतरी चांगले रिसीव्हर नव्या टीव्हीपुढे अपुरे ठरले. स्पीकरला असलं काही होत नाही. रबरी कडेचा स्पीकर वीस वर्षं सहज वाजतो. फोमची कड कालांतराने कुजते, तीही बदलून मिळते. म्हणजे एकाच रकमेतला जो पैसा स्पीकरवर जातो तो वीस वर्षांवर विभागला जातो आणि जो रिसीव्हरवर जातो तो सहासात वर्षांवर. जुने चांगले स्पीकर वापरलेल्या बाजारात मिळाले, तर ऐकून आणि कड तपासून बिनधास्त घ्या. रिसीव्हर जुना घेऊ नका.

साउंडबारचं गणित इथेच बिघडतं. तिथे स्पीकर आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच खोक्यात, त्यामुळे एक गेलं की दुसरंही गेलं. पण तुमच्या पत्नी चुकत नाहीयेत. बातम्या, मालिका, सामने एवढंच बघायचं असतं, तर मध्यभागी वेगळा स्पीकर असलेला साउंडबार घ्या आणि उरलेला बोनस कर्जात भरा, असं मी एका ओळीत लिहून मोकळा झालो असतो. तुम्ही दर शनिवारी घरात सिनेमा बघता असं लिहिलंय, म्हणून एवढा पसारा.

उरलेल्या चार स्पीकरांचं, दोन बाजूच्या आणि दोन मागच्या, काय? ते कधीच घेऊ नका असं म्हणत नाही. पण बाजूचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून साधारण 110 अंशांवर, म्हणजे किंचित मागे, असावे लागतात. तुमच्या डावीकडे भिंत आहे, उजवीकडे स्वयंपाकघराचा मोकळा रस्ता. उजवा टांगणार कशाला? स्टँडवर ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. खरेदीपूर्वी एक गोष्ट कराच: प्रत्येक स्पीकरच्या बुडाएवढी वर्तमानपत्रं कापून नेमक्या जागी जमिनीवर चिकटवा आणि आठवडाभर तशीच राहू द्या. ज्या कागदावर चपलांचे ठसे उमटतील, तो स्पीकर तुमच्या घरात राहणार नाही.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. माझ्या पहिल्या घरात मी असाच पूर्ण संच एका दमात आणला होता. मागचे दोन स्पीकर सोफ्यामागच्या दाराच्या आड यायचे. दार उघडलं की एक स्पीकर मुका. पुढच्या घरी ते खोक्यातून बाहेरही आले नाहीत. माळ्यावर आहेत. हप्ते मात्र मी शेवटपर्यंत इमानेइतबारे फेडले.

वायर तेवढी आत्ताच टाकून ठेवा. घराचं काही काम अजून बाकी असेल, तर भिंतीत आणि फरशीखाली रिकामे पाइप घालून घेणं नगण्य खर्चाचं. दोन वर्षांनी फरशी फोडणं मात्र तसं नाही. साधी, जाड तांब्याची वायर पुरते. सोन्याचा मुलामा वगैरे ऐकलंत तर खिशावर हात ठेवा.

आणि ज्या 12 हप्त्यांची तयारी तुम्ही ठेवली होती, ते हप्ते स्वतःलाच द्या. महिन्याला पगाराचा बारावा हिस्सा आवर्ती ठेवीत. वर्षाने एक पगार हातात असेल. तेव्हा पहिली खरेदी दुसऱ्या सबवूफरची. एका मोठ्या हॉलमध्ये दोन सबवूफर दोन ठिकाणी असले की एका खुर्चीत घुमतंय आणि शेजारी काहीच नाही, हा प्रकार बराच कमी होतो. त्यानंतर वाटलंच तर बाजूचे दोन.

‘ऑफर रविवारी संपतेय’ असंही तुम्ही लिहिलंय. संपू द्या. संचावरची सूट संपेल. तुम्हाला संच नकोच आहे, तीन स्पीकर, एक सबवूफर आणि बेताचा रिसीव्हर हवाय, आणि रोख पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी सोमवारीही बोलतात. जाताना संवादांनी भरलेला तुमच्या ओळखीचा एखादा प्रसंग फोनमध्ये घेऊन जा, विक्रेत्याचा धडामधूम नमुना ऐकू नका. दोन दिवस घरी लावून बघायला देताय का, हे विचारा. तोवर आज रात्री सोफा पुढे ओढा आणि टीव्हीच्या आवाजाचा आकडा किती खाली आणता येतो, ते पत्नीला ठरवू द्या.